डाव्या पायाची पट्टी

मला पगार मासिकं फाडण्याचा मिळायचा. हे सांगितलं की लोक म्हणतात, जाधव, चेष्टा करू नका. चेष्टा नाही. बहारीनमध्ये, मनामातल्या एका वितरण कंपनीत मी नोकरीला होतो. इंग्लंडहून विमानानं येणारी वर्तमानपत्रं, साप्ताहिकं, मासिकं बेटावरच्या दुकानांत आणि हॉटेलांत पोचवायची आणि न खपलेल्या प्रती गोळा करून आणायच्या, हे आमचं काम. त्या प्रती लंडनला परत पाठवणं विमानाच्या भाड्यात परवडत नाही. म्हणून मुखपृष्ठाच्या वरचा, नाव छापलेला भाग तेवढा फाडायचा. त्या फाडलेल्या कागदांचे गठ्ठे लंडनला गेले की तेवढ्या प्रती खपल्या नाहीत असं धरलं जायचं. उरलेलं धड जायचं लगद्याला. त्या वरच्या भागाला आम्ही गोडाऊनमध्ये कपाळ म्हणायचो. माझी सगळी उमेदीची वर्षं कपाळं फाडण्यात गेली.

संपादकसाहेबांनी फोन करून सांगितलं, 'दिवाळी अंक आहे, जरा गमतीदार लिहा. ती मुलांची कॉमिक्स वगैरे, अरब गिऱ्हाइकं वगैरे.' हो म्हणालो. पण लिहायला बसल्यावर गंमत काही येईना, राग तेवढा आला. कोकणात दिवाळीच्या पहाटे कारीट नावाचं कडू फळ पायानं फोडून त्याच्या रसाचं बोट जिभेला लावतात. या अंकात माझा लेख तेवढा समजा.

माझं दुसरं काम मार्करचं. मासिकात कुणा बाईचे उघडे खांदे असले, दारूची जाहिरात असली, नकाशावर इकडे न चालणारं नाव असलं, तर दुकानात जायच्या आधी ते काळं करायचं. एकेक प्रत, हातानं. जाड काळ्या मार्करचा खोका माझ्या टेबलाखाली कायम असायचा. गोडाऊनचे कासमभाय, रत्नागिरीच्या खाडीकाठचे, मला म्हणायचे, 'जाधव, तू बायकांना बुरखा घालतोस, मी गठ्ठे बांधतो. दोघांना पुण्य सारखाच.' मी काळं करण्यात इतका तरबेज झालो होतो की बाहीची शिलाई वाटावी अशी रेघ ओढायचो. कशाचा अभिमान बाळगावा माणसानं, पण बाळगला.

आता कॉमिक्सचं. मुलांसाठी साहसकथांची चित्रं छापणारी ती इंग्रजी साप्ताहिकं. तिकडे हा धंदा फार जुना. आधी नुसत्या मजकुराच्या गोष्टी असायच्या, शाळेतल्या खोड्या आणि जंगलातल्या शिकारी. मग चित्रं आली, रंग आले, आणि दर आठवड्याला पोरं दुकानाच्या दारात उभी राहायला लागली. लढाई, फुटबॉल, अंतराळ, समुद्र. गोष्ट नेमकी अशा जागी तोडायची की नायक कड्याला लोंबकळतोय, आणि खाली लिहायचं, पुढच्या आठवड्यात. नवं साप्ताहिक निघालं की पहिल्या दोन-तीन अंकांबरोबर काहीतरी फुकट, शिट्टी, कागदी विमान, चिकटवायची चित्रं. पोराला सवय लागली की फुकट बंद. आमच्याकडे तर ती शिट्टी विमानतळावरून गोडाऊनला येईपर्यंतच कुणाच्या तरी खिशात गेलेली असायची.

आणि साप्ताहिक मरायला लागलं की काय करायचे, ते ऐका. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापायचे, आत खूशखबर. आत उघडलं की खूशखबर ही की पुढच्या आठवड्यापासून हे साप्ताहिक दुसऱ्या एका साप्ताहिकात विलीन होतंय. मग काही आठवडे दोघांची नावं मुखपृष्ठावर, एकाचं मोठं, एकाचं बारीक. मग बारीक आणखी बारीक. मग एक दिवस गायब. मयताची बातमी पेढे वाटून सांगणारी ही माणसं. मी नव्वदच्या आसपास या खात्यात पक्का झालो तेव्हा अशी बरीच मयतं उरकली होती. लढाईच्या गोष्टींची दोन-चार साप्ताहिकं काय ती धुगधुगी धरून होती. मी ज्याची गोष्ट सांगतोय ते त्यातलंच एक. नाव सांगत नाही. आता त्याचं कपाळ कुठेच शिल्लक नाही.

चित्रं काढणाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं कुठे छापायचेच नाहीत. कोण स्पेनमधला, कोण अर्जेंटिनातला, कोण लंडनच्या उपनगरातला, महिनोन्महिने मान मोडून काढायचे, आणि सही केली तर ऑफिसात ती खोडायचे. मूळ चित्रं परत द्यायचे नाहीत. ती म्हणे गोदामात सडायची, नाहीतर त्यांच्यावर ठेवून दुसरे कागद कापायचे. आमचा मॅनेजर मिस्टर ग्रॅहम लंडनच्या त्या धंद्यात आधी काम केलेला होता, तो हे हसत हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

माझं एक गिऱ्हाईक होतं, युसूफ. बेटाजवळच्याच अराद गावचा. बंदरात टगबोटीवर कप्तान. दर आठवड्याला थेट आमच्या गोडाऊनच्या दाराशी येऊन आपली प्रत घेऊन जायचा, ती दुकानात पोचेपर्यंत त्याला धीर निघायचा नाही. तेल कंपनीच्या शाळेत शिकताना या साप्ताहिकांवर इंग्रजी शिकला, आणि केस पिकले तरी सोडेना. एकदा प्रत उघडून माझ्यासमोर धरली. वाळवंट, उंट, आणि दाढीवाला एक अरब नायकाच्या पाठीमागे सुरा घेऊन.

'जाधव,' तो म्हणाला, 'ये किताब में अरबी हमेशा चोर क्यों?'

मी म्हटलं, 'और इंडियन हमेशा नौकर क्यों?'

त्यानं प्रत मिटली. मग म्हणाला, 'फिर भी हम दोनों पढ़ता है.' आणि प्रत काखेत मारून गेला. खरं होतं ते. मीही वाचायचो. इंग्रजी मी त्यावरच सुधारलं. लाज वाटते आणि वाटत नाही, दोन्ही.

आमच्या उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये या साप्ताहिकांचा ढीग असायचा. लगद्याला जाणारी धडं आम्ही थोडीफार घरी आणायचो, ते चालायचं. त्यामुळे आमच्या घरात एकाही पुस्तकाला कपाळ नव्हतं. माझी मुलगी प्रज्ञा ही पुस्तकं अधाशासारखी वाचायची. मुलग्यांची साप्ताहिकं म्हणून छापलेली, आणि वाचणार कोण तर दोन वेण्या घातलेली पोरगी. तिला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. बायको म्हणायची, हिची जीभ विमानातून उतरलेलीच नाही.

आई गेली त्या वर्षी मी आप्पांना, माझ्या वडिलांना, व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. गोविंद राघो जाधव, मुक्काम खेड तालुका. सत्तरी ओलांडलेले, काटक. फ्लॅटमध्ये करणार काय बिचारे. सकाळी खाली जाऊन माझी गाडी पुसायची, बोनेट उघडून बघायचं, वर येऊन प्रज्ञाच्या ढिगातलं पुस्तक चाळायचं. इंग्रजी येत नव्हतं. चित्रं बघायचे, आणि चित्रकाराला झापायचे.

'ह्या लॉरीचा रेडिएटर असा नसतो. ह्यानं गाडी बघितलेली नाय.'

आप्पा दुसऱ्या महायुद्धात लष्करात ड्रायव्हर होते. उत्तर आफ्रिकेत, लिबियाच्या वाळवंटात, रसद आणि जखमी वाहणाऱ्या लॉऱ्यांवर. हे मला माहीत होतं, पण जसं बापाचं लग्न झालं होतं हे माहीत असतं तसं. गावात कुणी ते खरं धरत नव्हतं. लढाई संपल्यावर त्यांच्यासारख्या तात्पुरत्या भरतीला घरी पाठवलं, पेन्शन नाही, काही नाही. आणि चावडीवरचे पेन्शनवाले, वरच्या आळीचे, त्यांना हाक मारून विचारायचे, 'गोविंदा, तू लढाईला गेलेलास की गोऱ्याचे बूट पुसायला?' आप्पा उत्तर द्यायचे नाहीत. महाराच्या पोरानं लढाई बघितली हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मी शाळेत असताना हे कानांनी ऐकलंय. तेव्हापासून तो आवाज माझ्या डोक्यात आहे, आणि तो बंद करायचं बटण मला सापडलेलं नाही.

एक दिवस मी कामावरून आलो तर आप्पा आणि प्रज्ञा ढीग उपसून बसलेले. आप्पांनी तिला कामाला लावलं होतं.

'आपली मानसं शोध म्हनलं,' आप्पा मला म्हणाले. 'एवढी लढाई छापली हाय. आमी कुठं हाव?'

प्रज्ञानं तीन पुस्तकं बाजूला काढली होती. एकात खुकरी घेतलेला गुरखा. एकात पागोटंवाला, हातात ट्रे. एकात पुन्हा पागोटंवाला, पुन्हा ट्रे.

'दॅट्स ऑल, आजोबा,' ती म्हणाली.

आप्पा ट्रेवाल्याकडे बघत राहिले. 'चहा आमी पन पाजला,' ते म्हणाले. 'पन लॉऱ्या कोन चालवत होता?'

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. जखमींनी भरलेली लॉरी घेऊन ते ताफ्याच्या मागे पडले होते. मध्येच फॅनबेल्ट तुटला. फॅनबेल्ट तुटला की इंजिनाचं पाणी उकळतं आणि गाडी बसते, आणि त्या वाळवंटात गाडी बसली की मागची माणसं गेलीच. बदली बेल्ट नव्हता. त्या काळी शिपाई घोट्याच्या वर लोकरी पट्टी गुंडाळायचे. आप्पांनी डाव्या पायाची पट्टी सोडली, पीळ देऊन दोरखंडासारखी केली, गाठ मारून बेल्टच्या जागी चढवली. गाडी चालली. पट्टी जळायची, सैल व्हायची, की थांबून जळकं टोक कापायचं आणि परत गाठ. असं करत दवाखान्याच्या तंबूपर्यंत सगळी माणसं जिवंत पोचवली.

तिथे एक गोरा सार्जंट उभा होता. त्यानं लॉरीच्या मागे बघितलं नाही. आप्पांच्या पायाकडे बघितलं. एका पायाला पट्टी, एक पाय उघडा. गणवेश अर्धवट. पट्टी कुठे आहे, म्हणून ओरडला. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, आणि दुभाष्या हवालदार येईपर्यंत शिक्षा ठरलीसुद्धा. पाठीवर वाळूचं पोतं घेऊन उन्हात पळायचं.

'मग तुम्ही काय बोललात?' मी विचारलं.

'काय बोलनार,' आप्पा म्हणाले. 'पळालो.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नेमकं त्या साप्ताहिकात तेव्हा एक सदर चालू होतं. तुमच्या घरातल्या माणसाची लढाईतली खरी हकीकत पाठवा, सोबत फोटो पाठवा, निवडलेली हकीकत आम्ही चित्रांत छापू. मी ऑफिसात बसून सगळं लिहून काढलं. पट्टी, गाठी, सार्जंट, पोतं. आप्पांचा गणवेशातला एकुलता एक फोटो जोडला. लंडनचं उत्तर आलं, निवडली आहे, उत्तम हकीकत आहे, अमुक अंकात येईल.

आप्पांमध्ये जो बदल झाला तो सांगतो. ते रोज दाढी करायला लागले. पुस्तकात तोंड यायचंय म्हणून. मी म्हटलं, आप्पा, ते फोटोवरून काढणार, तेव्हाच्या तोंडावरून. ते म्हणाले, असूदे. त्यांना तो अंक गावाला न्यायचा होता. चावडीवर उघडून ठेवायचा होता, बाकी काही नाही. भांडण नको, भाषण नको. फक्त छापलेलं पान. मी त्यांचा व्हिसा त्या एका अंकासाठी दोनदा वाढवला. बहारीनच्या आमच्या मराठी मंडळातली माणसं शुक्रवारी भेटली की पहिला प्रश्न, जाधव, आप्पांचा अंक कधी? मी म्हणायचो, इंशाल्ला, आला की सांगतो.

आला. विमानतळावरून गठ्ठे आले आणि कासमभायनी पट्ट्या कापल्या. मी आतल्या टेबलावर होतो. त्यांनी हाक मारली, 'जाधव, धावत ये, तुजा बापूस आला.'  मी गेलो तर प्रत त्यांच्या हातात उघडी आणि मला द्यायला तयार नाहीत.

चित्र सुंदर होतं, हे आधी सांगतो. ज्या कुणी काढलं त्यानं माझं पत्र नीट वाचलं होतं. पीळ दिलेली पट्टी, गाठ, जळकं टोक, उकळणारं पाणी, सगळं. लॉरीचा रेडिएटरसुद्धा बरोबर. आणि लॉरी चालवत होता एक पिवळ्या केसांचा, निळ्या डोळ्यांचा इंग्रज. सार्जंट टॉम की काय नाव. शेवटच्या चित्रात जनरल त्याला सलाम करतोय, छातीला पदक. पोत्याची शिक्षा गायब. आणि पाठीमागे पागोटंवाला एक माणूस किटली घेऊन उभा, त्याचं नाव अब्दुल, आणि तो म्हणतोय, बहोत गुड, साहिब.

कासमभायनी हळूच विचारलं, 'आनि अब्दुल कशाला? गोविंदाच्या जागी आमच्यातला एक उगाच उचलला. म्हणजे तुजा पण गेला आनि माजा पण.'

मी प्रत घेऊन ग्रॅहमच्या केबिनमध्ये शिरलो, दार न वाजवता. त्यानं वाचलं. कान लाल झाले त्याचे, हे मी बघितलं. पण तोंडानं म्हणाला, 'इट्स ओन्ली अ कॉमिक, जाधव.' तरी त्यानं लंडनला फॅक्स केला, तेवढं श्रेय देतो. उत्तर आलं. हकीकत सगळ्या वाचकांना आवडेल अशी थोडी बदलून घ्यावी लागते, कारण बारा वर्षांच्या मुलाला नायकात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे.

कुठल्या मुलाला? मी विचारलं ग्रॅहमला. युसूफ मुलगा होता तेव्हा त्याला कुणाचा चेहरा दिसला? माझी मुलगी घरी बसून शोधतेय, तिला ट्रे दिसतोय. बहारीनमध्ये, दुबईत, मुंबईत, आफ्रिकेत तुम्ही हे विकलंत, आमच्या पैशानं तुमची पोरं मोठी झाली, आणि आम्हाला चेहरा द्यायची वेळ आली की थोडं बदलून घ्यावं लागतं? फोटो होता तुमच्याकडे. तोंड कसं आहे ते माहीत होतं तुम्हाला. ग्रॅहम म्हणाला, 'आवाज खाली.' मी खाली केला नाही.

गोडाऊनमध्ये आलो. गठ्ठे बाहेर जायला तयार होते. दुकानांच्या गाड्या यायच्या होत्या. मी आधी मार्कर उचलला. हातात धरून उभा राहिलो. सगळी हयात काळं करण्यात गेली, आणखी एक तोंड काळं करायला काय लागतं. पण मग चेहराच राहिला नसता, आणि आप्पांना चेहरा हवा होता. मार्कर ठेवला. पहिली प्रत घेतली आणि कपाळ फाडलं.

दुसरीचं फाडलं. तिसरीचं. कासमभाय बघत होते. मग त्यांनी दाराला आतून कडी घातली, माझ्यासमोर येऊन बसले आणि एक गठ्ठा पुढ्यात ओढला.  बहारीनला आलेल्या झाडून सगळ्या प्रती आम्ही विकण्याआधीच न खपलेल्या करून टाकल्या. धडं लगद्याच्या खोक्यात. कपाळं लंडनला. पाहा, म्हटलं, बहारीनमध्ये तुमचा सार्जंट टॉम कुणाला नको आहे.

दुसऱ्या दिवशी युसूफ आला. 'मेरा किताब?'

'मफी,' मी म्हणालो. नाही.

'सब बिक गया?'

मी त्याला सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, हातवारे करून. पायाची पट्टी कशी सोडली ते करून दाखवलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, 'खलास. अच्छा किया.' दारापर्यंत जाऊन परत फिरला आणि म्हणाला, 'लेकिन अगला हफ्ता रखना.' असा राग येतो ना मला युसूफचा, आणि माझासुद्धा.

ग्रॅहमनं मला मेमो दिला. नोकरी गेली नाही, कारण कपाळं फाडण्यात माझ्याइतका वेगवान दुसरा माणूस त्याच्याकडे नव्हता. आणि लंडनला? तुम्हाला वाटत असेल तिथे हाहाकार उडाला असेल. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तिकडे तेव्हा सगळीकडेच खपत नव्हतं. त्या ढिगात आमचा गठ्ठा पडला आणि संपला. काही आठवड्यांनी मुखपृष्ठावर आलं, आत खूशखबर. ते साप्ताहिक दुसऱ्यात विलीन झालं आणि पुढे तेही गेलं. मढ्यावर राग काढता येत नाही. म्हणून माझा राग अजून माझ्याकडेच आहे.

घरी मी आप्पांना सांगितलं, अंक आला नाही, विमानात अडकला. आप्पा म्हणाले, येईल. दाढी चालूच. मला त्यांच्याकडे बघवेना. मग टपालानं लंडनहून पाकीट आलं. त्यात आप्पांचा फोटो परत, छातीवर टाचणीचं भोक. म्हणजे कुणीतरी तो समोर टाचून ठेवून, रोज बघत, ते पिवळे केस काढले होते. आणि बक्षीस म्हणून साप्ताहिकाचं नाव छापलेला एक टी-शर्ट. पोराच्या मापाचा. सत्तरीच्या सैनिकाला.

'म्हंजे अंक निघाला,' आप्पा म्हणाले. बक्षीस आलं म्हणजे अंक निघालाच. त्यांना फसवणं सोपं नव्हतं. मी काही बोलायच्या आत प्रज्ञानं माझी ऑफिसची बॅग उघडली होती. तिला माहीत होतं धडं कुठे असतात. एक मी ठेवलं होतं. जाळायला ठेवलं होतं की जपायला, मला अजून माहीत नाही.

ती वाचायला लागली आणि थांबली. 'बट आजोबा, ही इज व्हाइट.'

मी म्हटलं, 'आण इकडे ते.' आप्पांनी हात वर केला. पान घेतलं, खिडकीशी नेलं. प्रत्येक चित्र सावकाश बघितलं. मी वाट बघत होतो ते कधी फाडतात. मला वाटत होतं फाडावं.

'गाडी बरोबर काढली हाय,' ते म्हणाले. मग प्रज्ञाला बोलावलं आणि बोट ठेवलं. सार्जंट टॉमच्या चेहऱ्यावर नाही, खाली. एका पायाला पट्टी, डावा पाय उघडा. 'हा बघ. हा पाय माजा हाय. तोंड त्यांनी त्यांचा लावला.'

मग वरचा फाटका भाग त्यांच्या लक्षात आला. 'कपाळ कुठं गेला?'

'फाडलं,' मी म्हणालो. 'सगळ्यांची फाडली. बहारीनमध्ये एकही विकू दिली नाही.'

आप्पा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. 'म्हंजे अजून कोनी वाचलाच नाय? मंग गाववालेच पयले.'

'हे गावाला न्यायचं नाही,' मी म्हणालो. आवाज चढला माझा. 'चावडीवर हसतील. किटलीवाला दाखवून म्हणतील, हा बघा गोविंदा.'

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते शेवटच्या चित्राकडे बघत होते. जनरल सलाम करतोय, आणि सार्जंट टॉमच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात काहीतरी लिहिलंय. 'हा काय बोलतो?' त्यांनी प्रज्ञाला विचारलं.

तिनं सांगितलं, 'ही सेज, इट वॉज नथिंग, सर.' मग मराठीत, अडखळत, 'म्हणतो, काहीच नाही केलं, साहेब.'

'खोटा बोलतो,' आप्पा म्हणाले. 'मी असा बोललो नाय.'

'मग काय बोललात, आजोबा?' हे मात्र तिनं सरळ मराठीत विचारलं.

 मी सांगणार होतो की ते काहीच बोलले नव्हते, पळाले होते. पण त्यांनी मला विचारलं, 'तुज्याकडं तो काळा करायचा पेन हाय. पांढरा करायचा काय हाय?'

होतं. टायपिंगच्या चुका खोडायची व्हाइटनरची बाटली. मी आणून दिली. सगळा जन्म काळं केलेल्या माझ्या हातांनी तो फुगा पांढरा केला. वाळेपर्यंत आम्ही तिघं बघत बसलो. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग आप्पांनी पेन प्रज्ञाच्या हातात दिला आणि लिहायला सांगितलं. वाळवंटात, उन्हात, पोतं पाठीवर घेऊन पळताना जे घशात राहिलं होतं ते. दुभाष्या यायची वाट न बघता, आपल्या भाषेत. तिनं वाकड्या अक्षरांत लिहिलं:

पट्टी गाडीला बांधलीय. माझे पाय काय बघतोस, मागं बघ, माणसं जिवंत आहेत.

'वाच,' आप्पा म्हणाले. तिनं वाचलं. 'परत वाच.' तिनं परत वाचलं.

त्यांनी पान दुमडलं, त्या पोराच्या टी-शर्टात गुंडाळलं आणि आपल्या बॅगेत कपड्यांच्या तळाशी ठेवलं. 'आता बरोबर हाय,' म्हणाले. 'उशीर झाला, पन बोललो.'

चावडीवर पुढे काय झालं, कोण हसलं, कोण नाही, ते आप्पांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांचं बोलून झालं होतं. माझं राहिलं होतं, ते आज बोललो.